कॅन्सरच्या औषधांचे बिल विमा कंपनी कापते तेव्हा: विट्याहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या 61 वर्षांच्या आईंच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मिरजेतील एका रुग्णालयात झाली. त्या बिलातील औषधांच्या रकमेला विमा कंपनीने मोठी कात्री लावली. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी सुरू झालेल्या ट्रॅस्टुझुमॅबच्या इंजेक्शनचा खर्च ‘ही ओपीडीची औषधे आहेत’ असे सांगून नाकारला, आणि रोज घ्यावयाच्या लेट्रोझोलच्या गोळ्यांची बिले तर न पाहताच परत पाठवली. आपल्या अमेरिकेतील मावसबहिणीच्या विम्यात औषधांची यादी असते आणि यादीबाहेरचे औषध लागले तर डॉक्टरांना अपवाद मागता येतो, तसे काही आपल्याकडे आहे का, असेही आपण विचारले आहे. मी 9 वर्षे एका टीपीएमध्ये (विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेत) दाव्यांची छाननी केली आणि त्यानंतर गेली 16 वर्षे मिरजेत बसून रुग्णांच्या बाजूने हेच काम करतो आहे, त्यामुळे कात्री कशी चालते हे मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

मावसबहिणीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडील व्यवस्थेचा स्वभाव त्या तुलनेतून लवकर कळतो. अमेरिकेत 2014 पासून व्यक्तींना आणि लहान कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या नव्या विमा योजनांमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे हा अत्यावश्यक लाभांपैकी एक लाभ मानला जातो. औषधांच्या प्रत्येक वर्गातील किमान एक औषध यादीत ठेवावे लागते. यादीत नसलेल्या औषधासाठी अर्ज आला तर कंपनीने 72 तासांत आणि तातडीच्या प्रसंगी 24 तासांत निर्णय द्यायचा असतो, आणि नकार मिळाल्यास कंपनीबाहेरील स्वतंत्र परीक्षकाकडे दाद मागता येते. तेथे संरक्षण औषधाला आहे. आपल्याकडील नेहमीच्या आरोग्य विम्यात अशी यादीच नसते. कोणत्या ब्रँडचे औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवतात आणि कंपनी त्यात सहसा बोलत नाही. मात्र रुग्ण रुग्णालयात दाखल होता का आणि ते औषध त्या दाखल होण्याशी जोडलेले आहे का, एवढे एकच कंपनी काटेकोरपणे पाहते. रोजची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी साध्या पॉलिसीत मिळत नाही, तीच गोळी रुग्णालयातील चार दिवसांत मिळते, याचे कारण हेच आहे. म्हणून आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी औषधाच्या नावावरून शोधणार नाही. प्रत्येक औषध कोणत्या दाखल होण्याशी बांधता येते, यावरून शोधणार आहे.

आता शस्त्रक्रियेचे बिल घेऊ. आपल्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दररोज 5,000 रुपये आहे आणि आईंना मिळालेली खोली 8,000 रुपयांची होती. चार दिवसांचे वरचे 12,000 रुपये आपल्या खिशातून जाणार, त्यात वाद नाही. परंतु कंपनीने 5,000 भागिले 8,000 असे गुणोत्तर काढून संपूर्ण बिलच 62.5 टक्क्यांवर आणले आहे. याला प्रमाणबद्ध कपात म्हणतात, आणि याच ठिकाणी नियामकाने रुग्णाच्या बाजूने एक स्पष्ट रेघ ओढलेली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला ‘इर्डा’ म्हणतो त्याने, 11 जून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले की ही कपात फक्त ‘संलग्न वैद्यकीय खर्चा’वर लावता येईल, आणि औषधे व वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणे आणि निदानाच्या तपासण्या यांचा त्या संलग्न खर्चात समावेश करता येणार नाही. कारण उघड आहे: खोली 5,000 ची असो की 8,000 ची, औषधाच्या कुपीवरची छापील किंमत बदलत नाही.

आपल्या बिलात औषधे 48,000 रुपयांची आहेत, त्यांतून 18,000 कापले. तपासण्या 16,000 च्या आहेत, त्यांतून 6,000 कापले. हे 24,000 रुपये परत मागताना वैद्यकीय वाद घालण्याची गरजच नाही, कारण हा हिशेबाचा आणि नियमाचा प्रश्न आहे. उरलेल्या 1,20,000 रुपयांच्या शस्त्रक्रिया, भूल आणि डॉक्टर फीच्या रकमेतून 45,000 गेले आहेत, त्यांचे उत्तर रुग्णालयाच्या दरपत्रकात आहे. खोलीच्या प्रकारानुसार शस्त्रक्रियेचे दर बदलत नसतील तर तेथेही ही कपात लावता येत नाही, असे त्याच सूचना सांगतात. आपल्या भागातील अनेक मध्यम आकाराच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा दर सर्व खोल्यांना सारखाच असतो. तसे असल्यास रुग्णालयाच्या लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र घ्या. ते पत्र मागायला रुग्णाचे नातेवाईक संकोचतात, पण बिलिंग विभागाला त्याचे काही वाटत नाही.

कंपनीला लिहिताना परिपत्रकाचा क्रमांक उद्धृत करण्यापेक्षा आपल्याच पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांच्या भागात ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ कोठे आहे ते शोधा आणि त्या पानाची छायाप्रत जोडा. परिपत्रके बदलतात, एकत्र केली जातात, नव्याने काढली जातात. करारात छापलेला शब्द मात्र कंपनीला त्या वर्षापुरता नाकारता येत नाही. मी टीपीएत असताना परिपत्रकांचे दाखले देणारी चार-चार पानांची पत्रे बाजूला पडलेली पाहिली आहेत आणि पॉलिसीतील एकाच ओळीवर पेन्सिलने खूण केलेला कागद वरिष्ठांकडे तातडीने जाताना पाहिला आहे.

कंपनीच्या त्याच डिडक्शन शीटमध्ये, म्हणजे कपातीच्या तक्त्यात, जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनचे आणि कॅल्शियमचे 2,300 रुपये ‘पूरक आहार’ म्हणून कापलेले दिसतात. प्रमाणित वगळण्यांच्या यादीत चौदाव्या संकेतांकाखाली पूरक आहार आणि चिठ्ठीशिवाय मिळणारे पदार्थ वगळलेले आहेत हे खरे, पण त्याच वाक्याच्या शेवटी अपवाद आहे: दाखल असतानाच्या किंवा डे केअर (24 तासांपेक्षा कमी वेळ रुग्णालयात राहून घेतलेल्या) उपचाराच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी ते लिहून दिले असतील तर ही वगळणी लागू होत नाही. केस पेपरमध्ये डॉक्टरांच्या हस्ताक्षरात ती नोंद आहे, तेव्हा मागा. थर्मामीटर, डायपर आणि क्रेप बँडेजचे पैसे मात्र सोडून द्या; वेगळे जादा संरक्षण घेतले नसेल तर ते मिळत नाहीत.

आता मुख्य विषय. ट्रॅस्टुझुमॅबचा कोर्स साधारण वर्षभर चालतो, प्रत्येक वेळी आई काही तास रुग्णालयात असतात आणि संध्याकाळी विट्याला परततात. कंपनीचे म्हणणे दोन गोष्टींवर उभे आहे: आई 24 तास दाखल नव्हत्या, आणि डे केअरच्या व्याख्येत भूल देऊन केलेला उपचार असे शब्द आहेत. हे दोन्ही आक्षेप या औषधाला लागू होत नाहीत. 27 सप्टेंबर 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नियामकाने 12 आधुनिक उपचारांची यादी दिली आणि कोणत्याही कंपनीला पॉलिसीतून ते वगळता येणार नाहीत असे बजावले. त्या यादीत तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी आहे, डोळ्याच्या आत द्यावयाची इंजेक्शने आहेत आणि ‘इम्युनोथेरपी: इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी’ असा उल्लेखही आहे. ट्रॅस्टुझुमॅब हे नेमके मोनोक्लोनल अँटिबॉडीच, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंड, आहे. वैद्यकीयदृष्ट्या गरज असेल तेथे हे उपचार दाखल करून, डे केअरमध्ये किंवा घरी राहून घेतलेल्या उपचाराच्या तरतुदीखाली दिले जावेत, असेही त्याच सूचनेत आहे. म्हणजे 24 तासांची अट येथे आड येऊ शकत नाही.

मग कंपनीला ‘ओपीडी’ हा शब्द कोठून मिळाला? आपण पाठवलेल्या बिलावरूनच. रुग्णालयाने प्रत्येक वेळी ओपीडी क्रमांकाखाली औषधाची पावती केली आहे आणि डिस्चार्ज कार्ड दिलेले नाही. पुढच्या वेळेपासून डे केअर म्हणून रीतसर नोंद करायला सांगा: दाखल होण्याची आणि सुटण्याची वेळ, कितवा डोस, कोणत्या तपासणीच्या निष्कर्षावरून हे औषध दिले आणि किती वेळ निरीक्षणाखाली ठेवले. आईंच्या गाठीच्या तपासणीत ‘हर-टू’ (ट्रॅस्टुझुमॅब ज्या प्रथिनावर काम करते ते) पॉझिटिव्ह आल्याचा अहवाल प्रत्येक दाव्याला जोडा, कारण गरज सिद्ध करणारा कागद तोच आहे. झालेल्या डोसांसाठी त्याच माहितीचे, डॉक्टरांच्या सहीचे आणि खऱ्या वेळा लिहिलेले प्रमाणपत्र घ्या.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. काही जण आपल्याला सुचवतील की एक रात्र दाखल असल्याचे कागदोपत्री दाखवा, म्हणजे 24 तासांची कटकटच नको. हे कृपया करू नका. सलग 60 महिने चालू असलेल्या पॉलिसीवर माहिती दडवल्याचा आक्षेप कंपनीला घेता येत नाही, हे 2024 मध्ये मिळालेले मोठे संरक्षण आहे (आधी त्यासाठी 8 वर्षे लागत). त्याला अपवाद एकच, सिद्ध झालेली लबाडी. आपल्या आईंची पॉलिसी सातव्या वर्षात आहे. ते कवच एका खोट्या रात्रीसाठी गमावण्यात शहाणपण नाही.

आधुनिक उपचारांवर पोटमर्यादा, म्हणजे विमा रकमेच्या आतली वेगळी कमाल मर्यादा, घालण्याची मुभा मात्र कंपन्यांना आहे. आपल्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या 50 टक्के आहे, आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीतही तेवढीच आहे. 5 लाखांच्या रकमेवर 2,50,000 रुपये झाले. ही मर्यादा पॉलिसी वर्षाची असते आणि आईंचा कोर्स दोन पॉलिसी वर्षांवर पसरलेला आहे, म्हणून नूतनीकरणानंतरच्या डोसांना नवी मर्यादा मिळेल. आधी दावे केले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. 60 वर्षांवरील व्यक्तींचा हप्ता एका वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागेल, असा आदेश 30 जानेवारी 2025 रोजी निघाला आहे. तेव्हा एजंटने ‘आता दावे थांबवा, नाहीतर पॉलिसी बंद होईल’ असे सांगितले असेल, तर ते मनावर घेऊ नका.

लेट्रोझोलच्या गोळ्यांबाबत मी आपल्याला पूर्ण दिलासा देऊ शकत नाही. ही संप्रेरकांवर काम करणारी गोळी आहे, केमोथेरपी नव्हे, आणि ती बहुधा 5 वर्षे घ्यावी लागते. मागच्या वर्षी कराडच्या एका गृहस्थांचे आतड्याच्या कर्करोगासाठीच्या कॅपेसिटाबिनचे दावे मी मंजूर करून घेतले, कारण ती खरोखर तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी आहे आणि 2019 च्या यादीत तिचा शब्दशः उल्लेख आहे. लेट्रोझोल त्या दाराने आत जात नाही. विशिष्ट पेशींवर काम करणाऱ्या नव्या गोळ्यांबद्दलही कंपन्या असाच वाद घालतात, आणि माझ्या मते नियामकाने ‘तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी’ या शब्दांची व्याप्ती आता स्पष्ट करायला हवी. कर्करोगाचे अर्धे उपचार गोळ्यांवर आले तरी आपले नियम अजून खाटेभोवतीच फिरत आहेत.

तरीही एक दार उघडे आहे. रुग्णालयातून सुटल्यानंतर ठरावीक दिवसांपर्यंतचा खर्च, आपल्या पॉलिसीत 60 दिवस, दोन अटींवर मिळतो: खर्च त्याच आजाराचा असावा आणि मूळ दाखल होण्याचा दावा मान्य झालेला असावा. शस्त्रक्रियेनंतरच्या 60 दिवसांतील लेट्रोझोलची बिले या तरतुदीत सरळ बसतात. ती न पाहता परत पाठवणे चूक आहे. आता आपल्या पॉलिसीतील ‘हॉस्पिटलायझेशन’ची व्याख्या वाचा. त्यात डे केअर उपचाराचा समावेश असेल, तर ट्रॅस्टुझुमॅबच्या प्रत्येक मान्य डोसानंतर 60 दिवसांची मुदत नव्याने सुरू होते, आणि डोस 21 दिवसांनी असल्याने कोर्स चालू असेपर्यंत गोळ्यांचा एकही दिवस मुदतीबाहेर राहत नाही. सगळ्याच पॉलिसींची शब्दरचना इतकी मोकळी नसते, म्हणून आधी पान पाहा, मग मागा. बिले मात्र महिन्याची महिन्याला घ्या. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या की कंपनी पुढच्या महिन्यांच्या गोळ्या कापते, आणि तिथे भांडण जिंकणे कठीण जाते. रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या खर्चाचे कागद तो उपचार संपल्यापासून 15 दिवसांत द्यायचे, असा नियम आरोग्य संजीवनीत आहे. आपल्या पुस्तिकेतील मुदत त्याच परिच्छेदात सापडेल.

बिल रुग्णालयाच्याच मेडिकलचे असले पाहिजे, असा समज आहे. तसे बंधन पॉलिसीत नसते. डॉक्टरांची चिठ्ठी, परवानाधारक दुकानाची पावती, त्यावर रुग्णाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख एवढे असले की विट्याच्या दुकानाचे किंवा जनऔषधी केंद्राचे बिलही तितकेच वैध आहे. ट्रॅस्टुझुमॅब आणि लेट्रोझोल ही दोन्ही औषधे 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतील 384 औषधांमध्ये आहेत, त्यामुळे त्यांची कमाल किंमत औषध किंमत नियामक ठरवतो आणि तिच्याहून जास्त आकारणे बेकायदा आहे. विम्याची पोटमर्यादा 2,50,000 असताना स्वस्त ब्रँड निवडणे हाही एक प्रकारे आपला विमा वाढवणेच आहे. भारतीय बनावटीचे जैवसदृश (मूळ औषधाशी मिळतेजुळते बनवलेले) ट्रॅस्टुझुमॅब चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पॉलिसीची रक्कम संपलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचे आहे आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आहे. योजनेत उपचार घेताना औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात, सुटीनंतरच्या 10 दिवसांच्या औषधांसह. तेव्हा ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली तर पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा किंवा 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आता तक्रारीचा मार्ग. 29 मे 2024 च्या मुख्य परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि दावा नाकारला किंवा काही अंशी कापला, तर पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीनुसार ते केले, हे लेखी सांगावे लागते. आपल्याकडे आलेला ‘ओपीडी औषधे देय नाहीत’ हा एका ओळीचा संदेश ही अट पूर्ण करत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिताना पहिली मागणी हीच ठेवा: अटीचा क्रमांक द्या आणि समितीने निर्णय कोणत्या तारखेला घेतला ते सांगा. मग तिन्ही रकमा वेगवेगळ्या मांडा, एकत्र करू नका, कारण एक मुद्दा कच्चा असला की छाननी करणारा त्याच्या आडून पक्के मुद्देही फेटाळतो. मी स्वतः त्या खुर्चीवर असताना हे केलेले आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही. पॉलिसीचे माहितीपत्रक मराठीत मागण्याचा हक्कही आपल्याला आहे. आईंना सही कशावर करतो आहोत हे समजावे यासाठी तरी ते मागवून घ्या.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. ही पॉलिसी आई मोठ्या भावाकडे कोईमतूरला असताना तिथल्या शाखेतून काढली, म्हणून तक्रारही तमिळनाडूतच करावी लागेल, असे एजंटने आपल्याला सांगितले आहे. खानापूर-आटपाडीकडच्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातील कितीतरी कुटुंबांच्या पॉलिसी अशा परराज्यांतल्या आहेत आणि याच समजुतीमुळे ती माणसे गप्प बसतात. विमा लोकपाल नियम, 2017 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील लोकपालाकडेही तक्रार करता येते. आई विट्यात राहतात, तेव्हा त्यांच्या सहीने पुण्याच्या लोकपालांकडे ती जाऊ शकते. शुल्क नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), तक्रार ऑनलाइन देता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते. 50 लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि 30 दिवसांत त्याची अंमलबजावणी झाली नाही तर कंपनीने तक्रारदाराला दररोज 5,000 रुपये द्यावेत अशी तरतूद 2024 मध्ये आली आहे. ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे, पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल ते हाती घेत नाहीत. आपल्या प्रकरणात कागद स्पष्ट असल्याने मी आधी लोकपालांकडेच जाईन.

लोकपालांकडे जाण्याची मुदत कंपनीने आपली लेखी तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाची असते; पण सावधपणा म्हणून ती दाव्याच्या पहिल्या नकारापासूनच मोजा. शस्त्रक्रियेच्या बिलाचे सेटलमेंट लेटर आपल्याला येऊन सात महिने झाले आहेत, आणि ट्रॅस्टुझुमॅबच्या पहिल्या नकाराला चार. म्हणून दोन्हींची एकच तक्रार करण्यासाठी थांबू नका. 24,000 रुपयांच्या कपातीचे पत्र या आठवड्यात पाठवा, आणि डे केअरची प्रमाणपत्रे हातात आली की दुसरे.